भिंतीवरची ओल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही, आणि तिला तर मी काय वाट्टेल ते सांगते. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच बहुतेक.

मी नेरूळला भाड्याने राहते, तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर. एकटी. शाळेत चित्रकला शिकवते. दुपारी घरी आले की खाडीकडून असा काही उजेड येतो — पातळ, पिवळा — की पंखासुद्धा पाण्यात फिरतोय असं वाटतं. मी फरशीवर उशी टाकून पडते. डोळा लागला की नाही, कळत नाही. खिडकीत लांबवर फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ. घर आपलं नाही, हे अशा वेळी साफ विसरायला होतं.

घर सुगंधाकाकींचं. त्या शिरवणे गावातल्या. त्यांची लेक वैशू नवऱ्याचा मार खाऊन माहेरी परतली होती, आणि भावजय तिला रोज घालूनपाडून बोलायची. मग काकींनी ठरवलं — नेरूळचं घर विकायचं. लांब, स्वस्तातल्या करंजाड्याला वैशूच्या नावावर लहानसं घर आणि खाली एक गाळा घ्यायचा. गाळ्यात तिचं शिवणकाम. मला सांगायला आल्या तेव्हा बाई इतकी खुशीत होती! "गिऱ्हाईक आला का घर दाखव पोरी, चावी तुझ्याकडंच हाय," म्हणाल्या. मी हो म्हटलं. चहासुद्धा केला.

त्या गेल्यावर मात्र घाबरले. नवं घर म्हणजे नवं डिपॉझिट, दलालाला महिन्याचं भाडं, अॅग्रीमेंट, सामानाचा टेम्पो. भाडं दीडपट, कारण काकींनी इतक्या वर्षांत माझं फारसं वाढवलंच नव्हतं. वर प्रत्येक दलाल विचारणार, "मॅडम, फॅमिली नाही?" पण आता खोटं कशाला बोलू? पैशांची सोय झाली असती. घरही मिळालं असतं कुठेतरी. मला ती दुपार सोडवत नव्हती. एवढंच.

पहिलं गिऱ्हाईक यायच्या सकाळी मी — कसं सांगू? — बेडरूमच्या भिंतीवर ओल रंगवली.

हो, रंगवली. ब्रशने. आधी साधं पाणी, मग चहाचं, कडेला किंचित पिवळा, वर बोटाने चुन्याची भुकटी. पातळ रंगाचे थर, वॉश, शिकवते ना मी मुलांना! तासाभरात असा डाग उमटला की मलाच कुबट वास यायला लागला. आलेली बाई भिंतीपुढे थबकली. मी नुसता सुस्कारा सोडला. तेवढ्याने काम झालं. पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला डाग थोडा वाढवत गेले, आणि लाज वाटायची सोडून — मला मजा येत होती हो. दुपारी त्या डागाकडे बघत पडायचे. त्यात बेटं दिसायची, ढग दिसायचे.

सहा-सात गिऱ्हाइकं परत गेली. काकींनी सोसायटीत खेटे घातले. सोसायटी म्हणे, गच्ची कुठे गळतच नाही. शेवटी दलालाने नाद सोडला. एकदा काकी स्वतः आल्या, भिंतीवरून हात फिरवला. आता बोटाला रंग लागणार, मला वाटलं. पण वळल्या त्या डोळे पुसत. "ओलीत रातेस तू पोरी, आनि मला बोलली पन नाय? भाडा नाय वाढवाची मी आता."

आणि नाहीच वाढवलं. मी तेच भाडं भरत राहिले.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर वैशूचं भावजयीशी कडाक्याचं वाजलं. ती बॅग उचलून नवऱ्याकडे परत गेली. "नांदायला गेली," काकी म्हणाल्या. घर विकलं असतं तर ती करंजाड्याला मशीनवर बसली असती — हे मला तेव्हाही कळत होतं. त्या दुपारीही मी झोपले. छान झोपले.

गेल्या महिन्यात शिरवण्यात भाजी घेताना वैशू भेटली. पुढचा एक दात नव्हता. मी बघतेय म्हटल्यावर तिने ओढणी तोंडावर घेतली. मग आपणच हसून विचारलं, "ताई, त्या भिंतीची ओल गेली का गं? गेली असंल तर आईला सांगते, परत गिऱ्हाईक बघ."

डाग मी केव्हाच पुसला होता, वरून रंगही दिला होता. काकींना आता जिने चढवत नाहीत, त्यामुळे कुणी बघायलाही आलेलं नव्हतं. वैशू उत्तराची वाट बघत उभी होती.

"नाही गं," मी म्हटलं. "आहे अजून."