खुर्चीवरून उठलेल्या वकीलबाई

आदिलाबादच्या कोर्टाच्या फाटकाशी मी भाजी विकते. एक वकीलबाई रोज येतात. मेथीची जुडी सोडून पाहिल्याशिवाय घेत नाहीत. "भरोसा हाये माये, पन पाहू दे," म्हणतात. आवाज असा मोठा, की मला त्यांची भीतीच वाटायची.

माझ्या घराचे कागद माझ्या वकिलानं वर्षभर अडवून ठेवले. शेवटी मी वकिलांच्या संघाकडं तक्रार केली. चौकशीला गेले, तर खुर्चीवर याच बाई. त्या संघाच्या अध्यक्ष, अन् तक्रारी ऐकायचं कामही संघाचंच.

माझा वकील हसला. "मॅडम, आमच्या मतांवर निवडून आल्या तुमी. ध्यानात हाये ना?"

"हाये. म्हनूनच उठून राह्यली." बाई खरंच उठल्या. "तुमच्या हक्कासाठी मी रस्त्यावर बसीन. पन तुमची चौकशी मी करनार नाही. त्याले बाहेरचा मानूस पाहिजे."

"काऊन? घरातलं घरातच मिटवू," दुसरा वकील म्हणाला.

बाईंनी माझ्याकडं बोट केलं. "ही बाई कोनत्या खोलीत राह्यते तुमच्या घरात?"

बाई कारकुनाला बाहेरचा माणूस नेमायचा ठराव सांगू लागल्या. मी असल्याचं जणू विसरल्याच. तेवढ्यात माझा वकील माझ्याजवळ वाकला. "ताई, तक्रार मागं घे, कागद आत्ता देतो."

आजवर मी कोणाला नाही म्हटलं नव्हतं. कागदांसाठी जीव तुटत होता.

"कागद माझेच हायेत," मी म्हटलं. "तक्रार बाहेरचा मानूस ऐकंल."