नव्वद दिवसांचे आजोबा

भेटल्या भेटल्या ते तुमच्या कॉलरला हात घालायचे. भांडायला नाही हो. अंगठा आणि बोटाच्या मधे कापड धरायचे, दोनदा चोळायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "कापड बरंय. शिलाई भिकार."

मी कॅनडात हॅलिफॅक्सला शिकायला आलो आणि त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायला गेलो, तेव्हा दारातच माझा निकाल लागला. आईने विट्याच्या बाजारातून खास परदेशासाठी घेतलेला शर्ट. काका म्हणाले, "काढ." मी म्हटलं, "इथे?" ते म्हणाले, "मग काय स्टेजवर?" दुसऱ्या दिवशी सकाळी शर्ट परत मिळाला. तेव्हापासून तो मला असा बसायला लागला, की वर्गातल्या एका पोरीने ब्रँड विचारला. मी सांगितलं, विटा.

काका टेलर होते. मूळचे इस्लामपूरचे. तरणेपणी इंग्लंडात लेस्टरला गेले, कपड्यांच्या फॅक्टरीत तीस वर्षं मशीन चालवलं, ब्रिटिश पासपोर्ट घेतला. काकू गेल्यावर तिथलं घर खायला उठलं, म्हणून ओळखीच्या एकाच्या दुकानात कामाला इकडे आले. दुकानात नेव्हीचे युनिफॉर्म यायचे. सहा फुटी खलाशी स्टुलावर उभा आणि पाच फुटी काका तोंडात टाचण्या धरून खालून विचारतायत, "काय डक, पुन्हा कंबर वाढली?" लेस्टरात म्हणे प्रेमाने कुणालाही डक म्हणतात. कॅप्टनलासुद्धा म्हणायचे. कॅप्टन लाजायचा.

आता माझं सांगतो. मी नकला करतो. ही कला नाही, रोग आहे. विट्याच्या शाळेत मी एकदा हेडसरांच्या आवाजात माईकवरून सुट्टी जाहीर केली होती, तर निम्मी शाळा घरी गेली आणि दोन शिक्षकपण गेले. काकांना हे कळल्यावर ते मला 'नकल्या' म्हणायला लागले. रात्री जेवायला वर बोलवायचे आणि म्हणायचे, "चल, आज कोण कोण भेटलं, दाखव." मग मी बसचा ड्रायव्हर, कॉलेजच्या ऑफिसातली बाई, माझ्या पार्ट-टाइम कामावरचा पंजाबी मॅनेजर असे एकेक करून दाखवायचो. काका हसताना आवाज करत नसत. नुसते खांदे हलायचे.

दर रविवारी सकाळी ताईचा फोन यायचा. ताई म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. जन्म लेस्टरचा, नोकरी नेदरलँड्समध्ये, रॉटरडॅमला. तिथलाच जोडीदार, तिथेच घर. ब्रिटिश पासपोर्ट होता, युरोपात कुठेही राहा, कुणी विचारत नव्हतं. काकांचा बेत ठरलेला होता: अजून काही वर्षं काम करायचं, मग मशीन विकायचं आणि ताईकडे जाऊन राहायचं. "दोन रुलर आणि एक कात्री घेऊन जाईन," म्हणायचे. "बाकी तिच्याकडे आहेच सगळं."

आणि त्याच वर्षी इंग्लंडात मतदान निघालं. युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं. काकांनी इंग्लंड सोडून फार वर्षं झाली नव्हती, म्हणून त्यांचंही मत होतं, पोस्टाने. कागद आला तेव्हा मी समोरच बसून पोहे खात होतो. काकांनी कागदाभोवती डावा हात असा आडवा धरला, जसा आपण परीक्षेत शेजाऱ्यापासून पेपर लपवतो. पेनाने फुली मारली. आणि एवढं सगळं लपवून झाल्यावर स्वतःच मोठ्याने म्हणाले, "बाहेर! एकदाचं बाहेर!"

मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. मी म्हटलं, "काका, पण ताई तिकडे आहे ना?"

"तिला काय होतंय? ती सेटल आहे." पाकीट चिकटवता चिकटवता त्यांनी मला आक्काचं सांगितलं. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. काकू शेवटच्या आजारात होत्या तेव्हा आक्काला लेस्टरला यायचं होतं. दोनदा व्हिसा नाकारला. परत जाईल याची खात्री नाही म्हणे. बहात्तर वर्षांची बाई, घरी दोन म्हशी, ती परत जाणार नाही! आणि त्याच महिन्यात फॅक्टरीत युरोपातनं पोरं आली, सकाळी बसमधून उतरली आणि दुपारी मशीनवर बसली. "चांगली पोरं होती," काका म्हणाले. "मीच त्यांना दोरा ओवायला शिकवलं. पण आक्का काकूचं तोंड बघू शकली नाही, नकल्या." पुढे देवळात कुणीतरी त्यांना कागद वाटला होता, की आपण युरोपातून बाहेर पडलो तर आपल्या माणसांना व्हिसा सोपा होईल. तो कागद काकांनी इतकी वर्षं मनात जपला होता. माणसं देश बदलताना भांडीकुंडी टाकून देतात, राग मात्र सामानातून बरोबर आणतात.

पाकीट मला दिलं. कॉलेजला जाता जाता मीच ते पेटीत टाकलं.

'बाहेर'चा निकाल लागला त्या दिवसाची गंमत काय सांगू! आमच्या अख्ख्या गल्लीत ब्रिटिश पासपोर्टवाले दोनच, काका आणि कोपऱ्यावरचा म्हातारा स्कॉटिश बस ड्रायव्हर. त्यामुळे कॅनेडियन माणसांनी सगळी सहानुभूती या दोघांत वाटून टाकली. समोरची बाई सकाळी नऊ वाजता लेमन लोफ, म्हणजे लिंबाचा केक घेऊन आली, फॉइलमध्ये गुंडाळलेला, जसा मयताच्या घरी आणतात. दारात उभी राहून म्हणाली, "आय ॲम सो सॉरी." काकांनी मान खाली घातली. "हं. हं. फार वाईट झालं." दुपारी दुकानात खलाशाने टोपी काढली. संध्याकाळी स्कॉटिश म्हातारा आला तो थेट मिठीच मारून रडायला लागला, "आम्ही स्कॉटलंडवाले नको म्हणालो होतो रे, आम्ही नको म्हणालो होतो!" काका त्याच्या पाठीवर थापट्या मारतायत, त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघतायत, आणि एकीकडे बोटांनी त्याच्या कोटाचं कापड तपासतायत. मराठी मंडळाच्या ग्रुपवर तर ऊतच आला होता. एकाने टाकलं, "पाउंड पडला, शॉपिंग करून घ्या." दुसऱ्याने लगेच त्याला माणुसकी शिकवली. तिसऱ्याने दोघांना गुड मॉर्निंगचं फूल पाठवलं.

मी खाली बेसमेंटमध्ये उशीत तोंड खुपसून हसत होतो. अख्खी गल्ली ज्या माणसाचं सांत्वन करत होती, त्यानेच ते मत टाकलं होतं. आणि हे फक्त मला माहीत होतं.

रात्री ताईचा फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून ऐकू आला. ती रडत होती. "बाबा, मला इथे उद्या फॉरेनर म्हणतील. हू आर दीज पीपल? कोण आहेत ही माणसं, ज्यांनी हे केलं?"

काकांनी फोन जवळ ओढला. मग म्हणाले, "असतात ग अशी माणसं."

त्यानंतर समोरच्या बाईचा उरलेला लोफ त्यांनी खाल्ला नाही. मला दिला. मी खाल्ला. चांगला होता.

सप्टेंबरात गणपती आले. आमच्या मंडळाचा गणपती चर्चच्या हॉलमध्ये बसतो. त्या वर्षी ताई आठ दिवस सुट्टी घेऊन आली होती. काकांनी मला जिन्यात गाठलं. "नकल्या, प्रोग्रॅममध्ये तुझा नंबर आहे ना? माझीपण नक्कल कर. पोरगी जूनमधल्या त्या निकालापासून हसलेली नाही. तिला हसव."

मी म्हटलं, "काका, तुम्ही फक्त खुर्चीत बसा."

त्या दिवशी मी पेटलो होतो. मंडळाचे अध्यक्ष केले, लोक खुर्च्यांवरून पडले. बसचा ड्रायव्हर केला. मग काका केले. कॉलर चोळली, हॉल फुटला. ताई खळखळून हसत होती, एक हात काकांच्या खांद्यावर ठेवून. मग मी लेमन लोफवाली बाई केली. तिचं "सो सॉरी" केलं आणि काकांचं "हं, फार वाईट झालं" केलं. शिट्ट्या वाजल्या. टाळ्या काय करतात माहितीये? त्या माणसाला विहिरीत एकेक पायरी खाली नेतात आणि त्याला वाटतं आपण वर चाललोय. मला अजून एक टाळी पाहिजे होती. मी हात आडवा धरून हवेत फुली मारली, आणि काकांच्या आवाजात, अगदी त्यांच्या घशातल्या त्या बारीक खरखरीसकट म्हणालो, "बाहेर! एकदाचं बाहेर! नकल्या, जा, पाकीट पेटीत टाक!"

हॉल दणाणला. लोकांना वाटलं, काय कल्पना सुचली पोराला.

मी समोर पाहिलं. ताईचा हात काकांच्या खांद्यावरून खाली आला होता. काका टाळ्या वाजवत होते, सगळ्यांत शेवटपर्यंत.

नंतर मी किचनमध्ये मोदकांची पातेली घासत होतो. ताई आली. "बाबाने तसं केलं?"

"अहो ताई, जोक होता. मी काहीपण करतो."

"नाही," ती म्हणाली. "तुला जोक येत नाहीत. तू कॉपी करतोस. यू ओन्ली कॉपी."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडातून कुणाचाच आवाज निघाला नाही. माझाही नाही.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं. ती ठरल्या दिवशी गेली, जाताना वाकून नमस्कारही केला. फक्त रविवारचे फोन थांबले. मग वाढदिवसाला मेसेज, दिवाळीला मेसेज. काका रविवारी सकाळी तरीही इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. रॉटरडॅमच्या बेताचं बोलणं बंद झालं. दोन रुलर भिंतीवर होते तिथेच राहिले.

मला त्यांनी एका शब्दाने दुखवलं नाही. दुसऱ्या दिवशी चहा देताना एवढंच म्हणाले, "नक्कल चांगली झाली. फक्त मी 'हं' दोनदा म्हणतो. तू एकदाच म्हणालास."

मी हसलो. सॉरी म्हणायला हवं होतं. म्हटलं, संध्याकाळी म्हणू. अशा कितीतरी संध्याकाळी झाल्या. मी पास झालो, नोकरी लागली, पीआर झालं, वेगळं घर घेतलं. दर हिवाळ्यात त्यांच्या दारातला बर्फ शोव्हल करायला मात्र जायचो. त्यांना सॉरीच्या जागी ते चालत असावं. निदान मला चालत होतं.

इंग्लंड खरंच बाहेर पडलं. आक्का त्याआधीच गेली होती, व्हिसा सोपा झाला की अवघड, हे बघायला ती नव्हतीच. मग एका रविवारी फोन वाजला. ताईला मुलगा झाला होता. तो सव्वा महिन्याचा झाल्यावर तिने फोन केला. काकांनी मला बोलावून घेतलं आणि विचारलं, "नकल्या, तिकडे किती दिवस राहता येतं बघ."

मी कंप्युटरवर बघितलं. पूर्वी असतं तर कायमचं. आता एकशे ऐंशी दिवसांत नव्वद. नव्वद राहायचं, नव्वद बाहेर काढायचे.

काकांनी स्क्रीनवर बोट ठेवून ते वाचलं. "म्हणजे अर्धाच आजोबा," म्हणाले.

तिकडे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी ताईला आक्काचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" ते म्हणाले, "तू फोनवर रडत होतीस." एवढंच झालं. हे मला त्यांनीच गाडीत सांगितलं, परत आणायला मी एअरपोर्टवर गेलो होतो तेव्हा. वर खुशीत नातवाच्या गोष्टी. तो बटणं ओळखतो. दोन भोकांचं वेगळं, चार भोकांचं वेगळं.

चार वेळा गेले. प्रत्येक वेळी नव्वदाव्या दिवशी नाही, एकोणनव्वदाव्या दिवशी निघायचे. मी म्हटलं, "काका, नव्वद अलाउड आहेत." तर म्हणाले, "फ्लाइट लेट झाली तर? पासपोर्टवर शेरा बसला तर? पुन्हा येऊ देणार नाहीत. आक्काचं झालं ते बघितलंय मी." तिथला ऑफिसर एकदा शिक्के मोजून म्हणाला होता, सर, तुमचा अजून एक दिवस आहे. काकांनी त्याला विचारलं, "मग घरी जाऊन येऊ का, डक?" ऑफिसर हसला, म्हणे. काकांनी मला त्याचं हसणं करून दाखवायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

चौथ्या वेळी परत आले आणि बाहेरचे नव्वद दिवस मोजत असताना फेब्रुवारीत गेले. दुकानात, मशीनवरच. पाचव्या तिकिटाचं बुकिंग झालेलं होतं.

ताई आली. सगळं उरकल्यावर मी तिला एअरपोर्टला सोडायला निघालो. पूल ओलांडला. मी म्हटलं, "ताई, त्या दिवशी मी..."

"आय नो," ती म्हणाली.  मग काचेतून बाहेर बघत म्हणाली, "तो दर वेळी एक दिवस आधी निघायचा. मी म्हणायचे, बाबा, थांब ना आजचा दिवस. चार वेळा म्हणाले मी. चार दिवस होते रे आमचे. लीगल."