विहीणबाईंचा प्रोसेसर

आमच्या विहीणबाईंच्या हाती कारभार दिला तर महापालिकेला कचऱ्याच्या गाड्या विकून टाकाव्या लागतील, असं माझं ठाम मत आहे. माझ्या लेकीच्या या सासूबाईंनी आयुष्यात एकही वस्तू भंगारात दिलेली नाही. लग्नाच्या बोलणीसाठी त्या पहिल्यांदा आमच्या बोरिवलीच्या घरी आल्या, तेव्हा बाहेर पाहुणेमंडळी हॉल कुठला नि जेवण कुणाचं यावर बोलत होती आणि आत मी चटणी वाटत होते. मिक्सरचा आवाज ऐकून त्या उठल्या, सरळ स्वयंपाकघरात आल्या, आणि मी "अहो, तुम्ही कशाला" म्हणेपर्यंत पावाला लोणी लावायच्या सुरीने मिक्सरचं बूड उघडलंही होतं. "आतला कार्बन झिजलाय. बाकी तब्येत उत्तम आहे," त्या म्हणाल्या. हे लग्न होणार हे बाहेरच्यांच्या आधी मला कळलं.

नोकरीभर त्या कोर्टात टायपिस्ट होत्या. साक्षीदार बोलायचे आणि या टाइप करायच्या. त्यामुळे कुणी काही सांगू लागलं की मध्ये तोंड न घालता ऐकायचं आणि तो थांबला की "पुढे?" म्हणायचं, ही सवय अंगात मुरलेली. माझ्या जावयाने आपलं प्रेमप्रकरण दोन "पुढे?"मध्ये कबूल केलं होतं म्हणे. यंत्रांशी त्या अदबीने बोलतात. फ्रिज घरघरला की "दमलात का?" विचारतात, पंखा पुसताना "जरा मान इकडे करा" म्हणतात. माणसांना मात्र रिक्षावाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सरसकट अरे-तुरे. मी विहीण म्हणून तेवढी सुटले. मला त्यांनी यंत्रांच्या रांगेत बसवलं.

दिंडोशीच्या त्यांच्या घरात, हॉलच्या कोपऱ्यात, एक जुना डेस्कटॉप होता. त्यात टायपिंगचा एक जुनापुराणा मराठी प्रोग्राम होता. त्याच्या कळा टाइपरायटरच्या पद्धतीच्या, म्हणजे विहीणबाईंच्या बोटांना पाठ असलेल्या. त्यांच्याकडच्या बुद्धविहाराची स्मरणिका, शेजारपाजारच्या लग्नपत्रिका, शोकसभेची पत्रकं, सगळं त्या त्यावर टाइप करून द्यायच्या. मशीन मात्र इतकं संथ झालं होतं की एक पान उघडेपर्यंत मेथीची जुडी निवडून व्हायची. जावयाने लॅपटॉप आणून दिला, तर तो जुना प्रोग्राम त्याच्यावर चालेना. विहीणबाईंनी लॅपटॉपवर क्रोशाचा रुमाल घातला आणि त्याला शोकेसमध्ये ठेवलं.

अशात माझ्या लेकीला सातवा लागला. पाळणा कुठे ठेवायचा, हा प्रश्न उभा राहिला, आणि दोन खोल्यांच्या त्या घरात उत्तर एकच होतं. लेकीचा मला फोन आला. "आई, तू मम्मींना सांग ना. मी बोलले तर त्यांना वाटेल सून घरातून सामान काढतेय. आणि आम्ही दोघं ऑफिसला असू तेव्हाच ये." एवढ्या नाजूक कामगिरीवर मी दुपारची निघाले, सोबत करंज्यांचा डबा घेऊन.

दार उघडलं तर डेस्कटॉपचं पोट उघडं आणि विहीणबाईंच्या हातात स्क्रूड्रायव्हर. "बरं झालं आलात. टॉर्च धरा," त्या म्हणाल्या. मी डबा ठेवून टॉर्च धरला. त्यांनी कुठूनसा त्याच मशीनला चालेल असा, जुनाच पण वेगवान प्रोसेसर मिळवला होता. बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा, पण त्या तो नवजात बाळासारखा कडेकडेने धरत होत्या. पंखा काढला, आधीचा प्रोसेसर काढला, नवा बसवला, तो तापू नये म्हणून मसुरीच्या दाण्याएवढी पेस्ट लावली, पंखा पुन्हा चढवला. बटण दाबलं. पंखा फिरला, पण स्क्रीन काळाच.

मला वाटलं, संपलं, माझं काम परस्पर झालं. विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "आतला मदरबोर्ड याला ओळखत नाही. आधी ओळख करून द्यावी लागेल." म्हणजे जुना प्रोसेसर परत लावायचा, पेनड्राइव्हवरून बोर्डाच्या पोटातलं सॉफ्टवेअर नवं करायचं, आणि मग पुन्हा अदलाबदल. त्यांनी तसं सुरू केलं. स्क्रीनवर एक पट्टी मुंगीच्या चालीने सरकू लागली. "आता मध्ये लाइट गेले तर बोर्ड कायमचा गेला," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यात इंटरकॉम वाजला. वॉचमन सांगत होता, मीटररूममध्ये इलेक्ट्रिशियन आलाय, थोडा वेळ लाइट बंद करणार.

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही खाली जा. त्याला बोलण्यात गुंतवा."

"अहो, मी काय बोलू त्याच्याशी?"

"गुडघ्यांचं सांगा."

मी खाली गेले. इलेक्ट्रिशियनचा हात मेन स्विचवर होता. मी म्हटलं, "जरा थांबा हो. वर ऑपरेशन चालू आहे."

"घरात?"

"हो. आमच्या विहीणबाई करतायत."

त्याने हात काढला. मग मात्र मी गुडघ्यांवर आले. डावा कसा, उजवा कसा, जिना उतरताना काय होतं. त्याच्या आईलाही तोच त्रास होता, त्यामुळे विषय छान रंगला. वॉचमननेही आपली कंबर मध्ये आणली. अखेर वरच्या खिडकीतून आवाज आला, "झालं हो. घालव रे लाइट."

मी वर आले तेव्हा पंखे थांबले होते. विहीणबाई मशीन खिडकीशी घेऊन उजेडात बसल्या होत्या आणि नवा प्रोसेसर पुन्हा बसवत होत्या. "याला दाबायचं नसतं. जागेवर ठेवला की आपसूक बसतो," त्या म्हणाल्या. काम झाल्यावर आम्ही घाम पुसत करंज्या खात बसलो. मला विषय काढायचा होता आणि काढवत नव्हता. ज्यांच्या मशीनसाठी नुकतीच मीटररूम अडवून आले, त्यांनाच ते काढून टाका कसं सांगणार?

त्याच म्हणाल्या, "पाळण्याचं सांगायला आलात ना? तिने मोजपट्टीने कोपरा मोजला, तेव्हाच मला कळलं. पोरगी बोलली नाही, हा तिचा चांगुलपणा."

मी करंज्यांचा डबा त्यांच्याकडे सरकवला.

"तुमच्याकडे तिची खोली रिकामी असते. एक टेबल मावेल?"

"मावेल की. पण मग आज एवढा खटाटोप कशाला केलात?"

"दमलेलं मशीन दुसऱ्याच्या घरी पाठवायचं म्हणजे तुमच्यावर ओझं. पाठवायचं तर धडधाकट पाठवावं."

लाइट आले. मशीन चट्कन सुरू झालं. विहीणबाईंनी स्मरणिकेचं एक पान उघडून पाहिलं, आणि सवयीने निवडायला घेतलेली मेथी तशीच राहिली म्हणून हसल्या.

पुढच्याच रविवारी त्या रिक्षाने, मशीन मांडीवर घेऊन, बोरिवलीला आल्या. मग दर आठवड्याला येऊ लागल्या. सकाळी टायपिंग, दुपारी माझ्याकडे जेवण. नात झाल्यावर येणं साहजिकच कमी झालं. तिच्या नामकरणाची पत्रिका मात्र त्यांनी इथेच बसून टाइप केली. नावाचं जोडाक्षर कसं सुंदर दिसेल यावर आमची अर्धी सकाळ गेली.

हल्ली कधीतरीच येतात. आल्या की लेकीच्या खोलीत कळा वाजायला लागतात. त्या खोलीतून पूर्वीही सारखा कसला ना कसला आवाज यायचा. तेव्हा मी दार लोटून घ्यायचे. आता दार उघडंच ठेवते आणि चहा टाकते. चहा झाला की त्या उठतील, पिऊन निघतील, हे मला ठाऊक असतं. मी गॅस बारीक करते.