कुडातला कोयता

वकिलाच्या कपाटात फायली मावत नाहीत आणि डोक्यात किस्से! आमच्या भिसेगावच्या ऑफिसात आम्ही तिघं: दळवी सर, क्लार्क अन्वरभाई आणि ज्युनिअर वकील मी. हे सगळे किस्से एकाच अपिलातले.

भिवपुरीकडच्या बाळारामला थोरल्या भावाच्या खुनात जन्मठेप झालेली. खून करताना पाहणारा कुणी नाही. वहिनीने दोघा भावांना रानात जाताना पाहिलं, प्रेत तिसऱ्या दिवशी सापडलं, आणि बाळारामने म्हणे लपवलेला रक्ताचा कोयता पोलिसांना काढून दिला. बस्स, एवढंच!

सर म्हणाले, "ही साखळी नाही, सुट्या कड्या आहेत."

"मग आदमी आत कसा, सर?" अन्वरभाईंनी विचारलं. त्या दिवशी सरांचा चहा तसाच राहिला.

*

बाळारामची आई दर सोमवारी यायची. वाचता येत नव्हतं, पण फाईल हातात घेऊन दाबून बघायची.

"आजी, काय बघता?"

"जाड झाली का बघतंय. जाड झाली म्हंजी काम चाललंय."

तेव्हापासून अन्वरभाई रविवारीच फाईलमध्ये कोरे कागद घालून ठेवायचे!

*

मी ठाण्याची, कूड कधी पाहिला नव्हता. पंचनाम्यात 'कोयता कुडात लपवलेला' वाचून म्हटलं, "सर, हे अवघड आहे."

सरांनी मला थेट गावात नेलं. कूड म्हणजे कारवीच्या काठ्यांची, शेणाने सारवलेली भिंत. चार घरांत कोयता विचारला, चारही बायकांनी तो कुडातून ओढून काढला. पाचव्या घरचा म्हातारा खेकसला, "कुडात नाय तर काय देव्हाऱ्यात ठेवू?"

*

पण गावात पाहिलेलं हायकोर्टात चालत नाही, ते खटल्याच्या रेकॉर्डवर असावं लागतं. आठवडाभर उलटतपासण्या चाळल्या, तेव्हा पंचाचं एक वाक्य सापडलं: 'माझाही कोयता कुडातच असतो.' खालच्या कोर्टात कुणाचं लक्षच गेलं नव्हतं! सरांनी खालापूरच्या वकीलमित्राला फोन लावून ते तीनदा वाचून दाखवलं.

सुनावणीत न्यायमूर्तींनी विचारलं, "सगळे ठेवतात तिथे ठेवलेली वस्तू लपवलेली कशी?" सरकारी वकील पानं उलटत राहिले. कोयत्यावरचं रक्त कुणाचं, हेही तपासणीच्या अहवालात नव्हतं. बाळाराम निर्दोष सुटला. सर कोर्टाच्या जिन्यावर बसून रडले, आणि मीही.

*

नऊ वर्षांनी बाळाराम घरी आला. अंगण माणसांनी भरलेलं. दारात वहिनी उभी होती.

"भावजी," ती खाली बघत म्हणाली, "मी पायलं तेवढंच सांगितलं."

आजीने पदर तोंडाला लावला.

बाळारामने चपला काढल्या. "खोटं कुठं सांगितलंस, वैनी? गेलोच व्हतो आमी दोघं. आता वाढ, भूक लागलीय."