‘ट’ची राहिलेली सावली

पौडच्या पेंटरनं मला फसवलं. हे मी भर बाजारात सांगत आलोय, आज लिहूनही देतो. आख्ख्या मुळशीत त्याच्यासारखी अक्षरं काढणारा दुसरा झाला नाही, हेही लिहून देतो. त्यानं राग कमी होत नाही, उलट वाढतो! लालभडक अक्षर, त्याला पांढरी कड आणि मागं अशी निळी सावली, की अक्षर पत्र्यावरून उचलून खिशात घालावं!

माणूस मात्र अर्धा वेडा. ब्रश चहात बुडवायचा आणि रंगाच्या डबीला तोंड लावायचा. पाटी खाली उतरवून रंगवणं त्याला मंजूर नव्हतं. शिडीवर चढून, जागेवरच. अक्षरं आणि कड झाली की पाटीत एक खिळा ठोकायचा. खिळ्याची सावली पडेल तिकडंच अक्षरांची सावली. ऊन गेलं की ब्रश पुसून घरी! त्यामुळं आमच्याकडं शाळेच्या पाटीची सावली एकीकडं आणि माझ्या दुकानासमोरच्या पिठाच्या गिरणीची दुसरीकडं. शाळा सकाळची, गिरणी संध्याकाळची. मास्तर एकदा म्हणाले, “दोन्ही एकाच बाजूला घ्या की.” तर म्हणतो, “तुमी सूर्याला सांगा मास्तर, मी ब्रश फिरवतो.”

मी चिंचेखाली पंक्चर काढत काढत दुकानापर्यंत आलेला माणूस. तासावर सायकली भाड्यानं द्यायला लागलो, तेव्हा पाटीवर आईचं नाव घालायचं ठरवलं: गुलाब सायकल मार्ट. आईला वाचता येत नाही. पण गिरणीच्या पाटीकडं बोट करून म्हणाली, “माजं नाव आसं उभं ऱ्हायलेलं पायजे.”

भाव पाडायला मी पेंटरला या आठवडी बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत ताणला. शेवटी तो वाकला, मी जिंकलो, आणि अक्षरांची कड पुरी झाली त्याच दिवशी पाऊस लागला. मुळशीचा पाऊस! गणपतीपर्यंत ऊन कसलं?

“ओ पेंटर, सावली काढा की!”

“हाय कुटं सावली? खिळा ठोकलाय, तुमीच बघा.”

“अंदाजानं काढा!”

“खोटी सावली म्या काढत न्हाई, शेट. तुमच्या आईचं नाव हाय.”

गिरणीवाला समोरून ओरडला, “लई घासाघीस केली शेट! घासता घासता ऊनच संपलं!” मी पाना फेकून मारणार होतो.

आणि एक दिवस ऊन पडलं! पेंटर अनवाणी पळत आला. आईनं रस्त्यातच खुर्ची टाकली. ‘गु’ उभा राहिला, ‘ला’ उभा राहिला, ‘ब’ उभा राहिला! आईनं पाटीवरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. एसटीचा ड्रायव्हरसुद्धा गाडी थांबवून बघत बसला. ‘मार्ट’च्या ‘ट’पाशी ब्रश आला आणि ढग आला.

“न्हाई तर न्हाई. ऱ्हायलेलं उद्या, आई,” म्हणत पेंटर शिडी उतरला.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन आलं, पेंटर आला नाही. पहाटेच छातीत कळ येऊन गेला होता.

नंतर पुण्याचा एक पेंटर ‘ट’ फुकट पुरा करून देत होता. फुकट! मी आयुष्यात पहिल्यांदा फुकटचं नको म्हणालो. खिळा अजून पाटीत आहे. ऊन आलं की त्याची सावली पडते, ‘ट’ मात्र तसाच चिकटलेला. आई खुर्चीतून विचारते, “उद्या म्हनला हुता न्हवं?”

‘उद्या’ म्हणून गेलेल्या माणसानं जबाब द्यावा. त्याला येणं जमत नसेल, तर तो ढग ज्यानं पाठवला त्यानं द्यावा. मला नको, माझ्या आईला द्यावा.