रकान्यात राहिलेलं नाव

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली मी नाही. आमची गाडी आम्ही अमावस्येला घरी आणली, कारण त्या दिवशी डीलरकडे गर्दी नव्हती. सासूबाई अजून बोलून दाखवतात. तेव्हा हे वाचून 'हिला भास झाला असेल' म्हणणार असाल तर खुशाल म्हणा... दुसऱ्या कोणाचं वाचून मीही तेच म्हटलं असतं.

मी मिशिगनमध्ये, ट्रॉयला राहते. गाड्यांचे सुटे भाग रंगवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. रंगवलेले भाग वाळवायला आमच्याकडे खोलीएवढाले चार ओव्हन आहेत — माणूस आत उभा राहून झाडू मारू शकेल एवढे मोठे. ते सुरू-बंद करणारं टूल फार पूर्वी पेंडसे काकांनी लिहिलं. काका मूळचे पुण्याचे, ऑफिसातले एकुलते एक मराठी सीनियर. मी नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी डब्यातलं थालीपीठ माझ्यापुढे सरकवलं आणि परकेपणाचा विषय तिथेच संपवला. माणूस फार चांगला, पण एक खोड होती. काही म्हणजे काही लिहून ठेवायचे नाहीत. "काका, हे डॉक्युमेंट करूया ना," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "कशाला गं? मी आहे ना!"

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. हार्ट अटॅक. टूल माझ्याकडे आलं, आणि रोज सकाळी ओव्हन सुरू करायचं कामही.

हिवाळ्यात ठरलं की हे काम आता एआय एजंट, म्हणजे स्वतःच कमांड देऊन काम उरकणारा प्रोग्राम, करेल, आणि त्याला वाचायला डॉक्युमेंट मी लिहायचं. माणसासाठी लिहिणं सोपं असतं हो. 'ओव्हन रिकामा आहे ना बघा' म्हटलं की माणूस वाकून बघतो, एक हाक मारतो. एजंट लिहिलंय तेवढंच करतो. कुठली कमांड आधी, कुठे थांबायचं, काय कधीच करायचं नाही — सगळं फोड करून सांगावं लागतं. तीन आठवडे खपून मी वीस पानं लिहिली आणि स्वतःवर चांगलीच खूश झाले. शेवटी एक नियम घातला: शंका आली तर पुढे जाऊ नकोस, टूलच्या मालकाला, म्हणजे ते सांभाळणाऱ्या माणसाला, मेसेज करून विचार.

मालकाच्या रकान्यात जुन्या सेटिंगमधून काकांचं नाव आपोआप आलं होतं. मला दिसलं होतं ते. पण खोडायला हात होईना... उद्या करू, परवा करू, असं करत राहूनच गेलं.

फेब्रुवारीत ट्रायल ठरली, सकाळी अकराला. बाहेर लख्ख ऊन, पार्किंगमध्ये बर्फाचे ढीग. मी चहा घेऊन स्क्रीनसमोर बसले. एजंटने पहिला ओव्हन सुरू केला, मग दुसरा. तिसऱ्याचं स्टेटस आलं: रिकामा, दार बंद. सगळं हिरवंगार. आता माझ्या डॉक्युमेंटप्रमाणे त्याने सरळ सुरू करायला हवा होता. तो थांबला. लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या कामाच्या नोंदीत, ओळ आली, मराठीत सांगायची तर अशी —

"तीनच्या दाराची नोंद सकाळपासून बदललेली नाही. शंका आहे. मालकाला विचारले."

मी पुढे वाकले. मिनिटभरात दुसरी ओळ आली.

"मालकाचे उत्तर: थांब. थंडीत तीनच्या दाराचा सेन्सर अडकतो. आधी रोझाला फोन कर. — ओव्हन सुरू केलेला नाही."

कोणीतरी चेष्टा करतंय असं वाटून मला आधी रागच आला. पण चेष्टा असो नाहीतर काही, मी फोन लावला. रोझा आमच्याकडे ओव्हनची सफाई बघते, साठीला आलेली बाई. फोन नुसता वाजत राहिला. मी ट्रायल बंद केली आणि जिना उतरून पळत सुटले.

तीन नंबरचं दार अर्धं उघडं होतं. रोझाचा फोन बाहेर स्टुलावर, आणि आतून झाडल्याचा आवाज.

"रोझा! कुलूप का नाही लावलंस?" मी ओरडलेच. आत शिरताना ओव्हनच्या स्विचला आपलं कुलूप घालायचं, म्हणजे तो बाहेरून सुरूच होत नाही, असा नियम आहे.

"दोन मिनिटांचं तर काम, हनी," ती बाहेर येत म्हणाली. "आणि सुरू करायच्या आधी कोणीतरी सांगतंच ना. पेंडसे फोन करायचा, थंडीत तर हमखास. तू रोज स्वतः येऊन वाकून बघतेस."

मी रोज वाकून बघत होते, आणि वीस पानांत नेमकं तेवढंच लिहायचं राहिलं होतं. मी तिथेच स्टुलावर बसले. रोझाच मला पाणी घेऊन आली.

आयटीवाल्यांनी सगळं तपासलं. काकांचं अकाउंट ते गेल्यावर महिन्याभरातच बंद केलं होतं. मेसेज गेल्याची नोंद नाही, उत्तर आल्याचीही नाही. घरी नवऱ्याला सांगितलं तर अमोल म्हणाला, "अगं, ही मॉडेल्स थापा मारतात यार. हॅल्युसिनेशन. तुलाच माहितीये."

"मारतात, कबूल. पण डॉक्युमेंटमध्ये रोझाचं नाव कुठेच नाहीये. आणि सेन्सर अडकतो हे मलाही माहीत नव्हतं. आज इलेक्ट्रिशियनने उघडला तेव्हा कळलं."

त्यावर त्याने मला त्या दोन ओळी पुन्हा सांगायला लावल्या.

नवा सेन्सर बसला. रोझा आता न चुकता कुलूप लावते, आणि दर शुक्रवारी माझ्यासाठी मक्याच्या सालीत उकडलेले घरचे तमाले आणते. मी डॉक्युमेंट पुन्हा लिहिलं — दार, थंडी, फोन, रोझा, कुलूप, सगळं. मालकाच्या रकान्यात माझं नाव घातलं. त्या आधी काकांच्या ऑफिसच्या जुन्या ईमेल पत्त्यावर एक मेसेज मात्र पाठवला: "काका, सगळं लिहून काढलंय. आता मी आहे ना."

त्या दिवशी एजंटला उत्तर कोणी दिलं, हे मला आजही सांगता येत नाही. माझा मेसेज तर लगेच परत आला: असा पत्ता अस्तित्वात नाही. वाचून रडू येईल असं वाटलं होतं... पण खरं सांगते, बरं वाटलं; काका आता मोकळे झाले.