विहीणबाई पगार विचारतात

समोरच्या माणसाला त्याचा पगार विचारायचा हक्क आपल्याला जन्मासोबतच मिळाला आहे, अशी आमच्या विहीणबाईंची ठाम समजूत आहे. अंधेरीच्या एका औषध कंपनीत त्या पगार विभागात होत्या. कंपनी सुटली, विभाग काही सुटला नाही. दवाखान्यात नर्सने दंडाला पट्टा गुंडाळला की या तिलाच विचारणार, "हातात देतात की बँकेत? फंड कापतात का?" रक्तदाब वाढतो तो नर्सचा. माझ्या लेकीच्या लग्नात, घाटकोपरच्या हॉलवर, मी पैठणी सावरत यांना श्रीखंडाचा आग्रह करायला गेले, तर या वाढप्याला ओव्हरटाइम मिळतो का ते विचारत होत्या. मी तेव्हा स्वतःला फार खानदानी समजायचे. नाकात नथ चढली की मान आपोआप वर जायची. "आमच्याकडे असलं कुणी बोलत नाही," मी नथ हलवत म्हटलं. "म्हणूनच विचारावं लागतं," त्या म्हणाल्या आणि श्रीखंडाकडे वळल्या. तो अपमान मी कित्येक वर्षं लोणच्यासारखा मुरवला.

मग लेकीने मुलुंडमधलं एक चालू पोळी-भाजी केंद्र विकत घ्यायचं ठरवलं. त्यापायी तिने नोकरी सोडली, मी मुदत ठेव मोडली, आणि टोकन द्यायला निघालो तेव्हा जावई आपल्या आईला घेऊन हजर. मी गाडीतच धसका घेतला. मालक मोठा लाघवी माणूस. त्याने चकचकीत ओटे दाखवले, जुनी गिऱ्हाइकं कशी घट्ट आहेत ते सांगितलं. मी एका कढईच्या प्रेमात पडले. धंद्यातली माझी पारख तेवढीच. विहीणबाईंनी मात्र पगारपत्रक मागितलं. पोळ्या लाटणाऱ्या झाडून सगळ्या बायका त्यात 'शिकाऊ'. शिकाऊ, म्हणून पगार तुटपुंजा, फंड नाही, भरपगारी रजा नाही.

"सगळ्या घरच्यासारख्या आहेत हो आमच्या," मालक म्हणाला.

"घरच्यासारख्या म्हणजे फुकट?"

लेकीने टेबलाखालून मला लाथ मारली, जणू मीच बोलले. विहीणबाई उठल्या, कोपऱ्यातल्या शेगडीपाशी सुमनबाई म्हणून एक जण लाटत होत्या, त्यांच्याशी काहीतरी बोलल्या आणि ताटलीत एक पोळी घेऊन आल्या. तव्यावर टम्म फुगलेली, पदर न् पदर सुटलेला. ती त्यांनी मालकासमोर ठेवली.

"ही शिकाऊ बाईची पोळी? मुलगा बालवाडीत होता तेव्हापासून लाटतेय ती इथे. आता तो कॉलेजात जातो." मग माझ्या लेकीकडे वळून, "हे बघ गं, दुकान घेतलंस की कढयांबरोबर या बायकांचा थकलेला फंडही तुझ्याच गळ्यात येणार. आधी मालकांना तो भरू दे, मग टोकन."

मालकाचा लाघवीपणा उतरला. घेणारे पुष्कळ आहेत म्हणाला आणि दार दाखवलं. लेक गाडीत रडत होती. घाटकोपर येईपर्यंत मी विहीणबाईंकडे पाठ करून बसले. माझ्या पोरीचं वाटोळं करणारी बाई, एवढंच डोक्यात. घरी येऊन तणतणत कणीक मळली, पोळी लाटली, आणि ती चामड्यासारखी निघाली. तिथे माझा राग विहीणबाईंवरून उठला आणि योग्य जागी जाऊन बसला. तसल्या हाताला शिकाऊ म्हणतो मेला! आणि मी कढई बघत बसले होते.

पुष्कळ घेणाऱ्यांपैकी बहुधा एकही आला नसावा. पावसाळा संपता संपता मालकाचाच फोन आला. बायकांचा फंड त्याने भरला, मगच केंद्र लेकीचं झालं.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला विहीणबाई केंद्रात यायच्या, पगार झाले का बघायच्या आणि सुमनबाईंशेजारी स्टुलावर बसून पोळ्या लाटायला घ्यायच्या. जन्मभर नोकरी केली, पोळी काही जमली नव्हती. एकदा मी म्हटलं, एवढं सगळं बघता, तुम्हालाही काही पगार लावू या. "नको," त्या म्हणाल्या, "मला आपलं शिकाऊच ठेवा."

त्यांच्या वाकड्या पोळ्या गिऱ्हाइकाला देता यायच्या नाहीत, म्हणून केंद्रातून मला येणाऱ्या डब्यात पडायच्या. मी नाक मुरडून खायचे. हल्ली गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरवत नाही. पगार झाले का, ते फोनवरच विचारतात. माझ्या डब्यात आता सगळ्या पोळ्या गोल. परवा सुमनबाईंना म्हटलं, एखादी वाकडी लाटा हो. त्यांनी दोनदा लाटून बघितली. नाही जमली.